खेड्यांत एचआयव्हीच्या लागणीचा माग ठेवताना आधी कोण सुटतंय ते बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमची संस्था दहा-बारा खेड्यांत, मिळून साधारण चार हजार प्रौढांमध्ये, पाच वर्षं एचआयव्हीच्या लागणीचा आणि लैंगिक जोखमीचा माग ठेवणार आहे. प्रश्नावली तयार आहे. आता धास्ती अशी की असल्या प्रश्नांना लोक खरी उत्तरं देणारच नाहीत. खोटीच उत्तरं मिळणार असतील तर प्रश्नावली बाजूला ठेवून नुसतं रक्त का तपासू नये? आणि शेवटी तुम्ही विचारलंय की निष्कर्ष गावांना सांगायचे का.

धास्ती रास्त आहे. पण माझ्या अनुभवात अशा कामाचं सगळ्यात मोठं नुकसान खोट्या उत्तरांनी होत नाही. ते होतं तपासणीच्या फेरीच्या दिवशी न सापडणाऱ्या माणसांमुळे. खोटं उत्तर निदान नोंदीत असतं, ते दुसऱ्या गोष्टींशी ताडून बघता येतं. घराला कुलूप लावून कामासाठी बाहेर गेलेल्या माणसाचं उत्तरही नसतं आणि रक्तही नसतं. आणि या आजारात नेमका तोच बाकीच्यांपेक्षा वेगळा असण्याची शक्यता जास्त. म्हणून मी तुमच्या प्रश्नांचा क्रम जरा बदलतो. आधी नेमकं मोजायचं काय ते ठरवू, मग कोण सुटतं ते, आणि विचारायचं कसं ते त्यानंतर.

तुमच्या आराखड्यात 'एचआयव्हीचं प्रमाण मोजणे' एवढंच लिहिलंय. त्यात दोन अगदी वेगळे आकडे दडलेत. एक, आज गावात किती लोक बाधित आहेत. दुसरा, वर्षभरात नवीन किती जणांना लागण झाली. पहिला आकडा मिळवायला सोपा असतो, पण त्यावरून साथ वाढतेय की ओसरतेय हे कळत नाही. बाधित माणसं मरण पावली की तो खाली येतो. युगांडातल्या राकाई जिल्ह्यात १९९० च्या दशकात बाधितांचं प्रमाण घटलं, तेव्हा त्याचं श्रेय लोकांच्या बदललेल्या वागण्याला देण्याची घाई झाली. पुढे तिथल्याच संशोधकांनी आकडे उलगडून दाखवलं की त्या घटीतला मोठा वाटा मृत्यूंचा होता. आता परिस्थिती उलटी झाली आहे. एचआयव्हीला दाबून ठेवणारी एआरटीची औषधं मिळाली की माणसं वर्षानुवर्षं जगतात, त्यामुळे नवी लागण कमी होत असतानाही बाधितांचं प्रमाण वाढलेलं दिसू शकतं. चांगल्या कामाचा आकडा वाईट दिसतो आणि निधी देणारे घाबरतात. म्हणून पाच वर्षं खर्च करणार असाल तर लक्ष्य नव्या लागणीचा दर हेच हवं.

आता जरा कटू हिशेब. वर्षाला शंभरात एक असा नव्या लागणीचा दर असेल, तर चार हजार लोकांत वर्षाला चाळीसेक आणि पाच वर्षांत दोनशेच्या आसपास नव्या लागणी दिसतील. एवढ्यावर स्त्री-पुरुष, वयोगट, गावाचा प्रकार अशी तुलना होऊ शकते. पण तुमच्या भागात हा दर हजारात एक असेल, तर वर्षाला चारच लागणी सापडतील. चार या आकड्याची सांख्यिकी मर्यादा साधारण एक ते दहा इतकी पसरट असते. म्हणजे पुढच्या वर्षी दोन सापडल्या किंवा सात सापडल्या, तरी काही बदललं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पाच वर्षांच्या वीस लागणी एकत्र केल्या तरी बारा ते एकतीस एवढी अनिश्चितता उरतेच. तुमच्या भागातला दर मला माहीत नाही, त्यामुळे हे गणित तुम्हीच आधी मांडा. ते कमी दराच्या बाजूला पडलं, तर सरसकट सगळ्या प्रौढांची कोहॉर्ट, म्हणजे त्याच माणसांचा वर्षानुवर्षं माग ठेवणारा अभ्यास, चालवण्यात अर्थ नाही. तेच पैसे जास्त जोखमीच्या गटांच्या सर्वेक्षणावर, बाधितांच्या जोडीदारांच्या तपासणीवर आणि दवाखान्यांतल्या नेहमीच्या तपासण्यांच्या नोंदी नीट जुळवण्यावर खर्च करा. इथून पुढचं बरंचसं म्हणणं त्या कामालाही लागू पडतं, पण हा निर्णय आधी घ्यायला हवा.

नव्या लागणीचा दर काढण्याचा खात्रीचा मार्ग एकच: त्याच माणसाची पुन्हा तपासणी. गेल्या फेरीत निगेटिव्ह, या फेरीत पॉझिटिव्ह, म्हणजे लागण मधल्या काळातली. मधली नक्की कधीची, हे कळत नाही. अनेक जण सरळ मधली तारीख धरतात. फेऱ्यांमधलं अंतर वर्षाचं असेल तर फारसं बिघडत नाही, पण काही माणसं दोन-तीन फेऱ्या चुकवून उगवतात. त्यांचीही मधलीच तारीख धरली की अभ्यासाच्या मधल्या वर्षांत लागणींचा खोटा उंचवटा तयार होतो आणि शेवटच्या वर्षांत खोटी घट दिसते. त्याऐवजी दोन तपासण्यांच्या दरम्यानच्या तारखा यादृच्छिक पद्धतीने, अनेक वेळा टाकून हिशेब करा. तुमच्या सांख्यिकीतज्ज्ञांना हे पहिल्याच बैठकीत सांगून ठेवा.

एकाच नमुन्यावरून लागण अलीकडची की जुनी हे सांगणाऱ्या चाचण्याही आहेत. त्यांचा मोह होतो, कारण पुन्हा माणूस शोधायला नको. सुरुवातीच्या काळात वापरात आलेली बेड नावाची चाचणी आफ्रिकेत नव्या लागणी फुगवून दाखवायची. आताच्या लॅग-ॲव्हिडिटी चाचणीसोबत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, बघितलं तर साधारण १३० दिवसांच्या आतली लागण बऱ्यापैकी ओळखता येते. पण एआरटीवर असलेला जुना रुग्ण तिला नवा वाटू शकतो, म्हणूनच व्हायरल लोडची जोड लागते. मोठ्या, एकाच फेरीच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाला ही चाचणी उपयोगी. चार हजारांच्या कामात ती पूरक म्हणून ठेवा, मुख्य आधार म्हणून नको.

आता सुटणाऱ्यांकडे येऊ. गणना कोणाची होते यावर आकडा किती बदलतो, याचं सर्वांत बोलकं उदाहरण भारताचंच आहे. बरीच वर्षं देशाचा अंदाज प्रामुख्याने ठरावीक केंद्रांवर येणाऱ्या गरोदर स्त्रिया आणि जोखमीचे गट यांच्या तपासणीवरून बांधला जात होता. २००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पहिल्यांदा घरोघर जाऊन लाखावर लोकांचं रक्त तपासलं गेलं आणि १५ ते ४९ वयोगटात बाधितांचं प्रमाण ०.२८ टक्के निघालं. त्याचा आणि वाढवलेल्या केंद्रांच्या माहितीचा विचार करून २००७ मध्ये देशातल्या बाधितांचा अंदाज ५२ लाखांच्या आसपासवरून २५ लाखांवर आला. साथ एका वर्षात निम्मी झाली नव्हती. मोजणाऱ्यांसमोर कोण उभं होतं, ते बदललं होतं.

घरोघरचं सर्वेक्षण म्हणून तुम्ही निर्धास्त राहू नका. घरोघर गेल्यावर वसतिगृहात, तुरुंगात, बांधकामावर, ट्रकवर, देहविक्रीच्या ठिकाणी राहणारी माणसं सुटतात. शिवाय आपल्याला लागण आहे हे ज्यांना आधीच माहीत आहे, ते रक्त द्यायला जास्त नकार देतात. आधीच्या तपासणीचा निकाल हाताशी असलेल्या आफ्रिकेतल्या अभ्यासांत हे दिसून आलंय. म्हणजे नकाराचं प्रमाण दहा टक्के असलं तरी ते दहा टक्के उरलेल्या नव्वदांसारखे नसतात.

यावर मी करतो ते असं. सर्वेक्षणाच्या आधी पूर्ण खानेसुमारी, आणि तिच्यात घरातल्या प्रत्येकाची नोंद, तो सध्या घरी राहत असो वा नसो. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताळच्या ग्रामीण भागात २००० पासून चाललेल्या लोकसंख्या नोंदणीत बाहेरगावी राहणारे पण स्वतःला त्या घरचे समजणारे लोकही धरले जातात. तिथे हे केलं नसतं तर अर्धं चित्र हरवलं असतं. प्रत्येक अनुपस्थित माणसापुढे कारण लिहा: स्थलांतर, हंगामी काम, लग्न होऊन गेली, मृत्यू, घरी आहे पण भेटत नाही, नकार. मृत्यू असेल तर घरच्यांशी बोलून लक्षणांवरून कारण ठरवण्याची पद्धत आहे, ती वापरा. आणि फेरीचं वेळापत्रक गावाच्या येण्याजाण्यावर बेता. बाहेर गेलेले लोक ज्या दिवसांत परततात, त्या दिवसांत तुमची टीम गावात हवी. टीमच्या सुट्ट्याही बहुधा त्याच दिवसांत येतात, त्यामुळे हे भांडण वर्षाच्या सुरुवातीलाच मिटवून टाका. पहाटे आणि संध्याकाळच्या भेटी ठरवा. तीन भेटींनंतरही न सापडलेल्यांतून थोडे निवडून, ते जिथे असतील तिथे जाऊन गाठा. खर्चिक वाटेल. पण न सापडलेले आणि सापडलेले यांच्यात किती फरक आहे, हे त्या मोजक्या नमुन्यातूनच कळतं आणि मग सगळ्या आकड्यांत दुरुस्ती करता येते.

बाहेर गेलेल्यांबद्दल एक पक्की समजूत असते: पुरुष शहरात जातो, लागण घेऊन येतो, बायकोला देतो. क्वाझुलू-नाताळमध्येच स्थलांतरित पुरुष आणि त्यांच्या गावाकडच्या जोडीदार यांची जोडीने तपासणी झाली. ज्या जोडप्यांत एकच जण बाधित होता, त्यांतल्या जवळपास ३० टक्क्यांत बाधित व्यक्ती स्त्री होती. मागे राहिलेलीचीही स्वतःची जोखीम असते, आणि फक्त पुरुषांना प्रवासाबद्दल विचारणारी प्रश्नावली ती बघतच नाही. तुमच्या प्रश्नावलीत प्रवासाचं प्रकरण फक्त पुरुषांच्या भागात आहे. ते दोन्हीकडे घ्या, आणि 'जोडीदार किती काळ घरी नव्हता' हाही प्रश्न घाला.

खेडं म्हणजे सगळं सारखंच, असंही गृहीत धरू नका. एकट्या राकाई परिसरात शेतीच्या, बाजाराच्या आणि तळ्याकाठच्या कोळी वस्त्या मिळून जवळपास चाळीस वस्त्यांची तुलना झाली. बाधितांचं प्रमाण सर्वांत कमी वस्तीत ९ टक्के, तर सर्वांत जास्त वस्तीत ४३ टक्के होतं. सगळ्यांची सरासरी काढली असती तर ती कुठल्याच वस्तीला लागू पडली नसती. पूर्व झिम्बाब्वेतल्या मॅनिकालँडमध्ये १९९८ मध्ये काम सुरू करताना लहान शहरं, मळे, रस्त्याकाठच्या बाजारवस्त्या आणि पोटापुरती शेती करणारी खेडी असे चार प्रकार मुद्दाम आधीच वेगळे केले होते. तुमच्या दहा-बारा गावांचंही असं वर्गीकरण आत्ताच करा. मागाहून केलं तर निकाल बघून गट पाडल्यासारखं होतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. लोक खरं सांगत नसतील तर विचारायचंच कशाला?

विचारायचं, कारण रक्त 'किती' ते सांगतं, 'कशामुळे' ते सांगत नाही. दोन अभ्यास शेजारी ठेवून बघा. मॅनिकालँडमध्ये १९९८ ते २००३ दरम्यान बाधितांचं प्रमाण २३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर आलं. १५ ते २४ वयाच्या तरुणींमध्ये तर ते ४९ टक्क्यांनी घटलं. तेव्हा औषधं जवळपास नव्हतीच. हे मृत्यूंमुळे झालं की आणखी कशामुळे, हे रक्तावरून कळलं नसतं. वर्तनाच्या नोंदींत मात्र पहिला संबंध उशिरा येणं आणि तात्पुरते जोडीदार कमी होणं दिसत होतं. आता राकाई: तिथे २००६ पूर्वी शंभर व्यक्ती-वर्षांमागे (एका माणसाचा वर्षभर माग म्हणजे एक व्यक्ती-वर्ष) १.१७ असलेला नव्या लागणीचा दर २०१६ पर्यंत ०.६६ वर आला, म्हणजे इतर फरक जमेस धरून ४२ टक्के घट. तिथे वर्तनाच्या नोंदी बघितल्या, तर किशोरवयीनांनी पहिला संबंध पुढे ढकलला होता एवढं सोडून फारसं काही बदललेलं नव्हतं. बदललं होतं ते औषधांचं आणि पुरुषांच्या सुंतेचं प्रमाण (सुंतेमुळे पुरुषाला लागण होण्याची शक्यता कमी होते). बाधितांपैकी ६९ टक्के लोक एआरटीवर होते आणि सुंता झालेले पुरुष १५ वरून ५९ टक्क्यांवर गेले होते. घट दोन्हीकडे झाली, कारणं वेगळी. ही कारणं वेगळी करता आली ती प्रश्नावलीमुळे, आणि त्यावरच पुढचा पैसा कुठे घालायचा हे ठरतं.

मग खोट्या उत्तरांचं काय? इथे एक गोष्ट समजून घ्या. तुम्हाला एका माणसाचं खरंखोटं करायचं नाहीये, तुम्हाला काळानुसार बदल मोजायचा आहे. दर फेरीत लोक सारख्याच प्रमाणात लपवत असतील, तर बदल तरीही दिसतो. घात होतो तो लपवण्याचं प्रमाण मधेच बदललं की. आणि ते आपणच बदलवतो: दुसऱ्या फेरीला प्रश्नाची भाषा सुधारतो, कागदाऐवजी टॅब आणतो, मुलाखतकार बदलतो. जागृतीचे कार्यक्रम जोरात चालले की 'योग्य' उत्तर कोणतं हेही लोकांना कळतं, आणि कंडोमचा वापर बोलण्यात वाढतो. म्हणून मुख्य प्रश्नांची एक छोटी यादी करा आणि पाच वर्षं तिच्यातल्या एका शब्दालाही हात लावू नका. पद्धत बदलायचीच असेल, तर एका फेरीत निम्म्या लोकांना जुन्या आणि निम्म्यांना नव्या पद्धतीने, चिठ्ठ्या टाकून विचारा. मग फरक पद्धतीचा किती, हे हातात येतं.

मॅनिकालँडमध्ये नेमकी अशीच तुलना झाली आहे. एका गटाला समोरासमोर विचारलं. उरलेल्यांना नाजूक प्रश्नांपुरती मतपेटी दिली. प्रश्न मुलाखतकार वाचतो, उत्तराची खूण माणूस चिठ्ठीवर स्वतः करतो, घडी घालतो आणि कुलूप लावलेल्या पेटीत टाकतो. चिठ्ठीवर नाव नाही, फक्त क्रमांक. मतदान केलेल्या कुठल्याही माणसाला ही पद्धत सांगावी लागत नाही. पेटीच्या गटात एकाहून अधिक जोडीदार असल्याचं सांगणारे जास्त निघाले. टॅब आणि हेडफोनवर प्रश्न ऐकून उत्तर देण्याची पद्धतही चांगली आहे, पण तिचे निकाल जागोजागी वेगळे आलेत. काही ठिकाणी यंत्राचीच भीती वाटते, काही ठिकाणी घरातलं कोणीतरी मागून डोकावतं. तुमच्याकडे काय चालेल, ते पन्नासेक लोकांवर आधी करून बघा.

प्रश्न कसे विचारायचे, याचा एकच नमुना देतो. तुमच्या मसुद्यात आहे: 'गेल्या वर्षभरात तुमचे किती जोडीदार होते?' याला लोक गोल आकडा सांगतात. काही जण नवरा-बायको धरत नाहीत, काही जण पैसे देऊन झालेला संबंध धरत नाहीत. त्याऐवजी शेवटच्या जोडीदारापासून मागे जा. ही व्यक्ती कोण, वय तुमच्याहून साधारण किती कमी-जास्त, पहिला संबंध कधी, शेवटचा कधी, पुढेही होईल असं वाटतं का, शेवटच्या वेळी कंडोम वापरला होता का. मग तिच्या आधीची व्यक्ती. असे जास्तीत जास्त तीन जोडीदार. यातून संख्या मिळते, वयातलं अंतर मिळतं आणि दोन संबंध एकाच वेळी चालू होते का हेही तारखांवरून तुम्हीच काढता, त्याला विचारावं लागत नाही. 'नेहमी कंडोम वापरता का' हा प्रश्न काढून टाका. त्याला सगळे 'हो' म्हणतात.

वयातल्या अंतराचा उल्लेख केला म्हणून सांगतो. तरुणीचा जोडीदार जितका मोठा, तितकी तिची जोखीम जास्त, असं मॅनिकालँडमध्ये दिसलं. क्वाझुलू-नाताळच्या ग्रामीण कोहॉर्टमध्ये तसा संबंध आढळला नाही. दोन्ही अभ्यास काळजीपूर्वक केलेले आहेत. दुसरीकडचा निष्कर्ष तुमच्या गावाला चिकटवू नका, एवढाच त्याचा अर्थ. जोडीदारांची संख्या कमी आहे म्हणून निश्चिंत होणंही धोक्याचं. मलावीतल्या लिकोमा बेटावर संशोधकांनी जोडीदारांची नावं विचारून ती बेटाच्या यादीशी जुळवली. बहुतेकांचे जोडीदार मोजकेच होते, तरीही विचारलेल्या तरुण लोकसंख्येपैकी निम्म्याच्या आसपास माणसं एकाच सलग साखळीत जोडलेली निघाली. हा प्रयोग तुम्ही करू नका. नावं गोळा करण्यातला धोका सांभाळायला लागणारी यंत्रणा तुमच्याकडे नाही.

उत्तरं ताडून बघायला रक्ताचा आणि इतर नमुन्यांचा उपयोग होतो. टांझानियाच्या ग्रामीण म्वांझा भागात कधीच संबंध न आल्याचं सांगणाऱ्या काही किशोरवयीनांत लैंगिक संसर्ग किंवा गर्भधारणा आढळली. जननेंद्रियांवर फोड आणणाऱ्या हर्पिस विषाणूच्या दुसऱ्या प्रकाराच्या (एचएसव्ही-२) प्रतिपिंडांवरून आयुष्यभरातल्या जोखमीचा अंदाज येतो. 'मला लागण आहे हे माहीत नाही' असं सांगणाऱ्या काही जणांच्या रक्तात एआरटीचे अंश सापडतात. आफ्रिकेतल्या मोठ्या घरोघरच्या सर्वेक्षणांत यासाठीच आता औषधाची चाचणी करतात. एक फुकटची तपासणी मात्र आजच करता येते: पुरुषांनी सांगितलेले स्त्री जोडीदार आणि स्त्रियांनी सांगितलेले पुरुष जोडीदार यांच्या बेरजा जुळतात का? पुरुषांचा आकडा जवळपास नेहमी मोठा येतो. थोडा फरक बढाई आणि लाजेचा, आणि थोडा सर्वेक्षणातून सुटलेल्या, विशेषतः देहविक्री करणाऱ्या स्त्रियांचा. ही तफावत फेरीगणिक स्थिर राहतेय ना, यावर लक्ष ठेवा.

मुलाखतकार गावातलाच असावा की परका, यावर कायम वाद होतो. ओळखीच्या माणसाला दार लवकर उघडतं, पण दार उघडल्यावर तोंड मिटतं. मी खानेसुमारी स्थानिक माणसाकडून करवून घेतो आणि नाजूक प्रश्नांना बाहेरचा, त्याच लिंगाचा मुलाखतकार देतो. गावच्या दवाखान्यातल्या कर्मचाऱ्याला या कामात कधीच घेऊ नका. उद्या औषधासाठी त्याच्याच समोर उभं राहायचं असतं.

रक्ताबाबत थोडं. बोटाला टोचून गाळणकागदावर घेतलेले वाळवलेले ठिपके खेड्यातल्या कामाला उत्तम. पाच वर्तुळं, प्रत्येक एकाच मोठ्या थेंबाने भरलेलं, मागच्या बाजूला रक्त आरपार उतरलेलं दिसलं पाहिजे. थेंबावर थेंब टाकला की नमुना बाद. कागद आडवा, उन्हापासून दूर, शक्यतो रात्रभर वाळवायचा. मग मेणकागद मधे घालून, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह हवाबंद पिशवीत ठेवायचा. पिशवीतल्या ओलदर्शक पट्टीचा निळा ठिपका गुलाबी झाला की पुड्या बदलायच्या. पावसाळ्यातले नमुने इथेच नासतात. या ठिपक्यांवर व्हायरल लोडही करता येतो, पण पेशींमधला विषाणूचा डीएनए त्यात मिसळतो, म्हणून दर मिलिलिटरमागे विषाणूच्या १००० प्रतींच्या खालचे आकडे भरवशाचे धरू नका.

जागेवरच्या जलद चाचणीचा निकाल मात्र त्याच भेटीत माणसाला मिळायला हवा, हवा असेल तर. 'संशोधनासाठी तपासलं, सांगायचं नाही' ही पद्धत एके काळी मान्य होती. २००० साली राकाईतल्या, एकच जोडीदार बाधित असलेल्या ४१५ जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तात १५०० हून कमी प्रती असलेल्यांकडून एकही लागण झालेली दिसली नाही, हा त्यातला मोलाचा शोध. पण त्या काळात तिथे औषधं नव्हती, आणि लोकांना केवळ बघत राहण्यावरून वैद्यकीय जगात मोठा वाद झाला. आज औषधं आहेत. त्यामुळे बाधित सापडलेला माणूस एआरटी केंद्रापर्यंत पोहोचला की नाही, हीसुद्धा तुमच्या टीमची जबाबदारी. यामुळे तुमचा आकडा बदलेल, कारण तुम्ही मोजता मोजता लागण कमी करत असाल. बदलू द्या. फक्त दर फेरीत नव्याने राहायला आलेले आणि नव्याने पंधरा वर्षांचे झालेले सामील करा, म्हणजे तुमच्याकडून अजून सल्ला न मिळालेला गटही समोर राहील. अठराखालच्यांसाठी तुमच्याकडच्या कायद्याप्रमाणे पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही घ्या. पालकाला निकाल सांगायचा की नाही, हे नीतिसमितीकडून आधीच लेखी घ्या. संमती एकदाच सगळ्याची घेऊ नका: प्रश्नांना वेगळी, रक्ताला वेगळी, नमुना साठवण्याला वेगळी, पुन्हा संपर्क करण्याला वेगळी. नाव-पत्त्यांची यादी आणि निकाल दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या माणसांच्या हाती ठेवा.

गावाला निष्कर्ष सांगायचे का? सांगायचे, दर फेरीनंतर, आणि तुमचा अहवाल कुठेही छापून येण्याआधी. पण गाववार आकडा सांगू नका. शंभर घरांच्या वस्तीत 'तीन बाधित' म्हटलं की संध्याकाळपर्यंत तीन नावं ठरतात, आणि ती बहुधा चुकीचीच असतात. सगळ्या गावांचा मिळून आकडा द्या, नकाशावर गावांची नावं टाकू नका, घरांचे अक्षांश-रेखांश प्रयोगशाळेबाहेर जाऊ देऊ नका. विषाणूच्या जनुकीय क्रमावरून कोणी कोणाला लागण दिली हे शोधण्याचा प्रस्ताव कोणी आणला तर नकार द्या. दोन विषाणू जवळचे असले तरी मधे तिसरा माणूस असू शकतो, आणि कोणावर तरी बोट ठेवण्यासाठी तो कागद वापरला जाणार हे नक्की.

प्रश्नावली पुढच्या महिन्यात छापायची असं तुम्ही म्हणता. थांबा. आधी खानेसुमारी पूर्ण करा, गैरहजर प्रौढांची टक्केवारी वय आणि लिंगानुसार काढा. तिशीच्या आतल्या पुरुषांत ती तिसाच्या वर गेली, तर पाच वर्षांच्या पाच फेऱ्यांऐवजी तीनच फेऱ्या करा आणि वाचलेला पैसा त्या माणसांना शोधण्यावर लावा.